नौका म्हणजे दोणी

आमच्या अत्ते, म्हणजे माझी सासू, ह्यांच्या, माझ्या नवऱ्याच्या, बोटीला कधी बोट म्हणाल्या नाहीत. दोणी म्हणायच्या. आम्ही घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि कन्नडमध्ये होडीला दोणी म्हणतात, मासे धरायची, नदी ओलांडायची तसली. सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले, पण एकेकाळी जुन्या महाराजांच्या घोडदळात होते, अग्रहार पेठेतल्या आमच्या घरात त्यांच्या रिकिबी अजून भिंतीला टांगलेल्या आहेत, आणि त्या दाखवून अत्ते म्हणायच्या, ह्या घरचे पुरुष घोड्यावरून खाली उतरले नाहीत, आणि हा धाकटा बघा, दोणीत जाऊन बसला.

हे नौदलात होते. रशियाला जाऊन ती नवीन बोट शिकून आले, क्षेपणास्त्रांची, आणि सुट्टीवर आले तेव्हा बाळ माझ्या पोटात होतं. जेवून झाल्यावर उष्ट्या ताटात बोटानं काढून दाखवत होते. ही एवढीशी बोट. पाठीवर चार मोठे डबे, दोन ह्या बाजूला, दोन त्या बाजूला, आणि एकेका डब्यात एकेक क्षेपणास्त्र. त्यात भरतात ते इंधन इतकं वाईट की थेंब पडला तर कातडी जाते, भरणारे रबराचे कपडे घालून भरतात. मोठ्या जहाजाला दिसायच्या आत ही मारते आणि पळते. खाली तीन इंजिनं. हे तिथं, इंजिनांपाशी. कानात कापूस घालून काम करायचं, बोललेलं ऐकू येत नाही, हातानं खुणा करायच्या. बोट केली थंड देशासाठी, सगळं बंद, आणि आमच्या समुद्रात ती तव्यासारखी तापते. पाणी तर मोजून मग्गानं. अंघोळ सुम्मने, नुसती आपली, स्वप्नात करायची, म्हणाले.

अक्का, माझी मोठी जाऊ, पदर तोंडाला लावून हसत होती. अत्तेंनी विचारलं, मग लांब कशी जाते रे?

"लांब जात नाही आई. बंदर राखायला केलेली आहे, डिझेल पुरत नाही. लांब जायचं तर मोठं जहाज दोर बांधून ओढत नेतं, जवळ गेल्यावर सोडतं."

"म्हणजे वासरासारखी."

"वासरासारखीच, पण वासरू चावतं."

"आणि परत येताना दोर नाही मिळाला तर?"

हे ताट धुवायला उठले. तो प्रश्न माझ्या पोटात राहिला, बाळाच्या शेजारी.

बाळ झालं, मुलगा झाला, ह्यांनी बघितला पण नाही आणि लढाई लागली. अक्काला मूल नाही. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, भावजी मिलमध्ये, अत्ते तिला रोज काहीतरी टोचून बोलायच्या आणि ती मला टोचायची. मी पाजायला बसले की ती दारात येऊन उभी राहायची. "तुला धरता पण येत नाही गं नीट, मान बघ कशी लोंबते." मी सातवी नापास, माहेर हिनकल खेड्यातलं, शेणामातीतली, मला काय येणार. पण बाळ माझ्याकडंच झोपायचं. एवढं एक माझं होतं त्या घरात.

समोर कॉफीपुडीचं, दळलेल्या कॉफीचं, दुकान आहे, तिथल्या रेडिओवर बातम्या लागल्या की सगळी गल्ली गोळा व्हायची. त्या दिवशी दुपारी अत्ते ओट्यावर होत्या, मी आत बाळाला तेल लावत होते. कन्नड बातम्या. मला आतून एवढंच ऐकू आलं, युद्धनौकेयोंदु मुळुगिदे. आपली एक युद्धनौका बुडाली.

अत्ते आत आल्या. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "नौका बुडाली."

मी म्हटलं, "अत्ते, कुठली?"

"कुठली म्हणजे? नौका म्हणजे दोणी, अल्ला? हो की नाही? मोठं असतं तर हडगु म्हणाले असते. नौका म्हणाला तो. मी ह्या कानानं ऐकलं."

आता हे कसं सांगू. आमच्या घरच्या मराठीत नौका म्हणजे होडीच, आरतीच्या पुस्तकात असते ती, देवाची छोटी. आणि कन्नड शाळेत आम्हाला नौके म्हणजे केवढंही जहाज असं काहीतरी शिकवलेलं, मला वाटलं तसं, पण पक्कं आठवेना. मी म्हटलं, कन्नडमध्ये नौके मोठ्याला पण म्हणतात वाटतं. अत्ते माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"नवरा गेला आणि ही मला कन्नड शिकवते."

मग जे झालं ते फार भराभर झालं. त्यांनी मला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं, कपडे धुवायच्या दगडावर माझे हात ठेवले आणि वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात गेली. कुंकू त्यांनी अंगठ्यानं पुसलं, इतकं जोरात की कपाळ सोलून निघालं. मी म्हणत होते, तार नाही आली अत्ते, कुणी कळवलं नाही, थांबा की जरा. त्या म्हणाल्या, "तार त्याला येते ज्याचं प्रेत सापडतं. दोर नाही मिळाला त्याला. मी विचारलं होतं, तू ऐकलंस."

आत बाळ रडायला लागलं. मी उठले तर खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तुझं दूध आता त्याला चालत नाही. बापाला खाल्लंस ते बस्स झालं."

अक्कानं बाळ घेतलं. तिचा चेहरा मी बघितला. तिला रडायचं होतं, रडत पण होती, पण हात असे धरले होते जसं कुणी नवीन साडी धरतं.

माझी छाती कापडानं आवळून बांधली. बाळ पलीकडच्या खोलीत रडायचं आणि इकडं कापड भिजायचं, अत्ते येऊन परत घट्ट बांधायच्या. अक्का त्याला गाईचं दूध चमच्यानं पाजायची. पहिल्यांदा थुंकायचा. मग प्यायला लागला. मी दाराशी गेले तर अत्ते म्हणायच्या, "हिनकलला पाठवते तुला. एकटीला. पोर ह्या घरचं आहे." म्हणून मी दाराशी जायचं सोडलं. मला भीती वाटायची, अजून वाटते, हे लिहिताना पण मी दाराकडं बघते.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारे एक मेष्ट्रु होते, शाळेत शिकवायचे. त्यांनी पेपर वाचून खाली येऊन सांगितलं, "अम्मा, बुडालं ते मोठं जहाज, तुमच्या मुलाची बोट वेगळी. नौके अंदरे हडगु, नौके म्हणजे जहाज." मी चुलीपाशी होते. मला इतका आनंद झाला की मी तिथंच खाली बसले. मोठं जहाज, त्यात किती बायकांचे नवरे, आणि मला आनंद झाला. अत्ते मेष्ट्रुंना म्हणाल्या, बरं, बघू. माझं कापड सोडलं नाही. एकदा फोडलेल्या बांगड्या परत भरायच्या तर गल्ली काय म्हणेल, त्यापेक्षा वाट बघितलेली बरी. वाट बघता बघता माझं दूध आटलं.

हे आले. कळवलं नव्हतं, गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला आणि दुकानवाला ओरडला. अत्ते पळत आत आल्या, स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून माझ्या हातात चढवल्या, साबण न लावता, आणि कुंकू लावताना कानात म्हणाल्या, "काही बोललीस तर पोर दिसणार नाही."

हे दारात उभे, काळे पडलेले, दाढी वाढलेली. अत्तेंनी ओवाळलं. त्या विचारत होत्या, प्रवास कसा झाला, आणि हे नुसते हसत होते. मग मोठ्यानं म्हणाले, गल्लीत ऐकू जाईल इतकं मोठ्यानं, "आई, कान गेलेत. इंजिनं. डॉक्टर म्हणाले येतील हळूहळू. कानाशी येऊन ओरड."

अक्कानं बाळ आणलं. ह्यांनी घेतलं, हुंगलं, आणि माझ्याकडं दिलं, "घे, पाज." बाळानं माझ्याकडं बघितलं आणि अक्काकडं वळून ओरडायला लागलं. हे हसले, "आईला ओळखत नाही लेकाचा." अत्ते त्यांच्या कानाशी वाकून ओरडल्या, "हिचं दूध भीतीनं आटलं. पोर थोरलीकडंच असू दे." ह्यांनी मान हलवली. बरं, म्हणाले. वैनीचे उपकार, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मागं अंगणात तोंड धुवत होते. अत्ते विहिरीपाशी होत्या, पाठ करून. मी कानाशी ओरडू शकत नव्हते. मी समोर उभी राहिले आणि हळू, ओठ मोठे करून सांगितलं. दोणी बुडाली म्हणाल्या. बांगड्या फोडल्या. बाळ घेतलं माझं. हात दाखवला, काच गेलेली जागा. हे माझ्या ओठांकडं डोळे बारीक करून बघत होते, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"दोणी? दोणी झकास आहे गं, एक ओरखडा नाही." आणि विहिरीकडं तोंड करून ओरडले, "आई, ही पण दोणी म्हणायला लागली."

अत्ते वळल्या. हसल्या पण.

चुलीतला विझलेला कोळसा माझ्या हातात होता, दात घासायला आणलेला. मी खाली बसले आणि त्या दगडावर, कपडे धुवायच्या, कन्नडमध्ये लिहिलं. मगु नन्नदु. बाळ माझं आहे. कन्नड ह्यांना वाचता येतं. ह्यांनी तोंड पुसायला पंचा तोंडावर घेतला होता, पंचा बाजूला व्हायचा होता नुसता.

अत्तेंनी बादली आणून दगडावर ओतली. भरलेली, सगळी.

हे पाय मागं घेत हसले. काळं पाणी त्यांच्या टाचेजवळून मोरीकडं गेलं, त्याच्याकडं बघत म्हणाले, "आई, किती पाणी ओततेस. दोणीवर एवढ्यात आमची सगळ्यांची अंघोळ झाली असती."