सोळा कळ्यांचा घागरा

शहागंजात बाया सगीराआपाकडं लग्नाचा घागरा शिवायला यायच्या अन् तिच्या खोडीला नावं ठेवत जायच्या. मी द्वारकाबाई. तिच्या खोलीच्या खाली माझं फॉल-पिकोचं दुकान. वर जायला लाकडी जिना, असा उभा की उतरताना देव आठवतो.

खोड काय, तर कापड पसंत करायच्या आधी आपा त्याचं टोक पाण्यात बुडवायची, मनगटाला गुंडाळायची अन् हात झटकायची. कापड सुटलं तर घ्यायचं. चिकटून बसलं तर नको, मग ते किती का भारी असंना. दुकानदार करवादायचे. एकानं तर विचारलं, "काय आपा, नवरी पोहायला चाललीय का?" मला हसू आलं. आपा हसली नाय.

सोळापेक्षा कमी कळ्यांचा, म्हणजे घेराच्या तिरक्या पट्ट्यांचा, घागरा ती कापायची नाय. अन् गुडघ्याखालच्या शिवणी हातानं, कच्च्या टाक्यानं घालायची. एक हिसका दिला की उसवलीच. म्हणायची, "नवरीला पळता आलं पाहिजे." कोणती नवरी पळती गं बाई, असं मीही म्हणायचे.

मग तिच्या नातीचं, राहतचं लग्न ठरलं. पोरगी लाडाची. मोबाइलमधी चित्र दाखवलं, कमरेपासून पार पोटरीपर्यंत अंगाला घट्ट अन् खाली एकदम घेर. फिशकट म्हणतात म्हणे. कापड सॅटिन. आपानं टोक भिजवलं, मनगटाला गुंडाळलं. ते जळूसारखं चिकटलं.

"आपल्याकडचं हिमरूचं कापड घे गं," आपा म्हणाली. "सुती अस्तर लावून देते."

"दादी, हिमरू घट्ट शिवलं की शिवणीत सुटतं. तूच शिकवलंस," राहत म्हणाली. खरं होतं ते.

"म्हणून तर घट्ट शिवायचं नाय!"

हट्ट तो हट्ट. राहतनं घागरा स्वतःच कापला अन् मशीनवर शिवला, दुहेरी शिवण. आपा माझ्या दुकानात येऊन बसली.  त्या दिवशी तिनं पहिल्यांदा सांगितलं.

पोलीस अॅक्शनचे दिवस, निजामाचं राज्य गेलं तेव्हाचे, गावोगाव दंगल. वेरूळच्या पलीकडं एका खेड्यात तिची खाला, म्हणजे मावशी, राहायची, अख्तरी. निकाह तोंडावर आलेला. कापड कमी पडलं म्हणून आपाच्या आईनं घागऱ्याला मोजक्याच कळ्या घातल्या, अन् तो माप बघायला खालाच्या अंगावर होता. तेवढ्यात पळा पळा झालं. आपा तेव्हा एवढीशी, खालाच्या कडेवर. ओढा भरून वाहत होता. घागरा भिजून पायांना आवळला, पाऊल पडंना.

"मला पलीकडच्या बाईकडं फेकलं तिनं," आपा म्हणाली. "मग ती दिसली नाय."

 इतकी वर्षं मी तिला चिडवत होते, जीभ झडो माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून राहतचा आरडाओरडा. घागऱ्याची गुडघ्याखालची शिवण उसवलेली. "दादी, तूच केलंस!" आपा म्हणाली, "मला सुईत दोरा ओवता येत नाय, द्वारका ओवून देती. मी मशीनचा टाका उसवणार?" ते खरंच. मोतीबिंदू तिच्या दोन्ही डोळ्यांत. राहतनं पुन्हा शिवला, कपाटात ठेवला, किल्ली स्वतःच्या गळ्यात. सकाळी उघडलं तर शिवण पुन्हा मोकळी. दोरा कुठं तुटलेला नाय, नीट ओढून काढून बाजूला गुंडाळून ठेवलेला. काठाला हात लावला तर ओला. मी म्हटलं, भिंतीला ओल असंल. पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

राहत हट्टाला पेटली. तिसऱ्यांदा शिवला अन् दुपारी माप बघायला वर अंगावर चढवला. आपा खाली माझ्याकडं चहा पीत होती. तेवढ्यात शेजारच्या भज्यांच्या गाड्यावर भडका उडाला. ज्वाळा थेट जिन्याला. धूर असा की हाताला हात दिसंना.

"राहत!" आपा किंचाळली. "अगं, तिचे पाय बांधलेले हायेत!"

मला कळलं ती काय म्हणतीय. त्या घागऱ्यात वीतभर पाऊल पडायचं नाय, अन् तो जिना! मी पदर तोंडाला लावून पायरीवर पाय ठेवला, तोच धुरातून पोरगी धाडधाड पळत खाली आली अन् माझ्या अंगावर आदळली. मागं जिना पेटला.

गल्लीच्या तोंडाशी तिला बसवलं. बंब यायचा होता, पाणी कुणी मारलं नव्हतं. घागरा दोन्हीकडून गुडघ्यापासून उसवलेला, अन् खालचा काठ पिळावा इतका ओला. त्याला गाळाचा वास.

"दादी," राहत म्हणाली, "तू पायाशी बसून भराभरा दोरा काढत होतीस. हात लई गार होते तुझे. मग मला ढकललंस. तू माझ्या आधी खाली कशी आलीस?"

आपा ओला काठ डोळ्यांना लावून रडली, लहान पोरीसारखी.

मग राहतच म्हणाली, "दादी, हिमरूच घेऊ. सोळा कळ्या."

"दोन घागरे कापू," आपा म्हणाली.

सुया मी ओवून दिल्या. एक घागरा नेसून राहत सासरी गेली. दुसरा घेऊन, ओढ्याला पाणी आल्यावर, आपा अन् मी त्या खेड्याकडं गेलो. आपानं तो पाण्यावर सोडला. सगळा घेर उलगडला अन् घागरा धारेला लागला. बुडाला नाय. पार वळणापर्यंत दिसत राहिला.

आपा काठाकाठानं त्याच्यामागं चालत होती, माझा हात धरून.

"पळ, खाला," म्हणत होती. "आता पळ."