पाण्याचा ट्रे

"मॅडम, तुम्ही फक्त पाणी द्या. बोलू नका."

आमच्या संस्थेचे सचिव हे मला शाळेच्या व्हरांड्यात म्हणाले, शिपायादेखत. माझ्या हातात स्टीलचा ट्रे. समोर खुर्च्यांवर पालक, त्यांच्यावर फुग्यांची कमान, कमानीवर संस्थेच्या नव्या कॉन्व्हेंटचं नाव. वलगावात जूनमध्येही ऊन मी म्हणत होतं. त्याच आवारातल्या जुन्या मराठी शाळेत पाचवीपासून मराठी शिकवणारी बाई मी. त्या दिवशी पाणी वाटत होते.

खोटं कशाला बोलू, निमूटपणे वाटत होते.

आमच्याकडे एप्रिल लागला की खाजगी शाळांचे मास्तर पोरं शोधायला निघतात. डोक्याला दुपट्टा, स्कुटी, आणि चौथी झालेलं लेकरू ज्या घरी असेल त्या घराची पायरी. पट भरला नाही की तुकडी तुटते. तुकडी तुटली की मास्तर अतिरिक्त, आणि जागा असेल तिकडे त्याला फेकतात. पुष्कळ घरी बाई दारातूनच सांगते, "आमी कॉन्वेंटमंदी टाकून राहिलो." तिच्यावर माझा राग नाही. साहेबाचं पोरगं जातं तिथे आपलंही जावं, असं कोणत्या आईला वाटत नाही?

यंदा माझ्या पाचवीवर गंडांतर होतं. सचिवांनी मला बोलावून खुर्ची दिली. तुमच्या वस्तीत तुमचा शब्द चालतो, तुम्ही पोरं आणा, तुकडी मी वाचवतो म्हणाले. मी हुरळले. आमच्या बौद्ध वस्तीत विहाराच्या पायरीवर बायांशी बोलत बसले. शोभाबाई शेतात निंदणाला जाते, तिची धाकटी चौथी पास झालेली. तिने एवढंच विचारलं, "तू हायस ना तिथं, बाई?" मी हो म्हटलं. तिने लेकीची टीसी माझ्या हातात दिली. तिचं बघून बाकीच्यांनीही दिली. मी सगळ्या टीसी नेऊन ऑफिसात जमा केल्या.

त्याच बाया आज कमानीखाली बसल्या होत्या.

सचिवांनी ती सगळी पोरं कॉन्व्हेंटला लावली होती. पहिलं वर्ष फुकट. पुढचं कुणाला सांगितलं नव्हतं. माझी पाचवी रिकामी राहिली, आणि ती रिकामी करायला माझाच शब्द वापरला. तुमच्या बदलीची ऑर्डर येईपर्यंत इकडे मदत करा, असं मला त्याच सकाळी कळलं.

हा माणूस आमची संस्था काढणाऱ्या आबांचा मुलगा. माझ्या आजोबांना आबांच्या घरचे ओसरीखाली उभं करून ओंजळीत वरून पाणी ओतत. आबांनी ते मोडलं, पेला हातात दिला. शाळा काढली तेव्हा आमच्या दारात येऊन बसले, माझ्या बापाला म्हणाले, पोरगी पाठवा. म्हणून मी शिकले. त्याच घराने मला शाळेत बोलावलं आणि त्याच घराने मला पाणक्या केलं. फसवलं मला. दुसरा शब्द नाही.

मी शोभाबाईपुढे ट्रे धरला. तिने ग्लास उचलला आणि विचारलं, "तूच शिकवशीन ना माह्या पोरीले?"

सचिव माझ्याकडे बघत होते. मी ट्रे त्यांच्याच टेबलावर ठेवला.

"नाई शोभाबाई. मी नाई शिकवनार. टीसी मी मराठी पाचवीसाठी नेल्या होत्या, यायनं इकडे लावल्या. यंदा फी नाई, पुढच्या साली हाय. इचारा यायले."

शोभाबाई उठली. ग्लास तसाच भरलेला ठेवला आणि लेकीची टीसी परत मागितली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. बाकीच्या बसून राहिल्या, खाली मान घालून.

सचिव हळूच म्हणाले, "धारणीची तयारी ठेवा." धारणी म्हणजे पार डोंगरातला, लांबचा तालुका.

तुकडी तुटलीच. तीन पोरींवर तुकडी राहत नाही. शोभाबाईची लेक आता दुसऱ्या गावच्या शाळेत जाते, ऑटोत कोंबून. ऑर्डर आली की मी धारणीला जाईन. पोरं तिथेही आहेत, त्यांना शिकवीन. पण दर उन्हाळ्यात सुट्टी लागली की वलगावला येणार. तोच दुपट्टा बांधून त्याच दारांवर जाणार, आणि टीसी हातची सोडण्याआधी काय विचारायचं ते एकेका आईला सांगणार. संस्थेच्या फाटकासमोर उभं राहून सांगणार, मोठ्याने, आमच्या बोलीत.

माझा शब्द त्या ऑफिसात पुन्हा जमा होणार नाही.