मार्था झाडूगाडीत बसली नाही

शुक्रवारची सकाळ होती. दुखानच्या रस्त्यावर सायकलनं चाळीस किलोमीटर मारून आम्ही चौघी परत आलो होतो, दोहातल्या अल गराफा भागात, आमच्या कंपाउंडच्या फाटकात मी हेल्मेट काढत होते, आणि वसईहून मार्थाच्या नवऱ्याचा, डॉमिनिकभाऊंचा फोन आला. "मार्था गेली," ते म्हणाले. मला वाटलं, परत यायला निघाली. वार्षिक सुट्टीवर गेली होती, पुढच्या आठवड्यात तिची ड्युटी होती. "कितीला पोचतेय? विमानतळावर येते ना मी गाडी घेऊन," असं मी अगदी उत्साहात बोलले... आणि भाऊ म्हणाले, "तसं नाही गं, सुनंदा." तेव्हा कळलं. आदल्या संध्याकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं खलास. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या छातीतल्या कळा ओळखणारी बाई! मी तशीच फाटकाशी खाली बसले, हेल्मेट मांडीवर घेऊन.

तीन दिवसांनी घरच्यांनी काढलेली निधनवार्ता व्हॉट्सॲपवर आली. उत्तम परिचारिका, आदर्श माता, चर्चच्या कामात सदैव पुढे. सगळं खरं, एक अक्षर खोटं नाही. पण सायकल? सायकलचा स सुद्धा नाही! मला राग आला, म्हणजे चांगलाच आला. मी सातारची, राग आला की पोटात ठेवता येत नाही. सरळ भाऊंना फोन लावला. "भाऊ, सायकल राहिली लिहायची." ते म्हणाले, "असू दे गं सुनंदा. ते तिचं वेड होतं. मेलेल्या माणसाची वेडं का कुणी छापतं?" वर असंही म्हणाले की महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, कबरीवर दगड बसवायचाय आणि त्यावरही हाच मजकूर जायचाय. आता कागद फाटतो, व्हॉट्सॲप पुसलं जातं, पण दगडावर एकदा कोरलं की संपलं. पन्नास वर्षांनी कुणी तिथं उभं राहून वाचलं, तर माझी मार्था कोण होती हे त्याला अर्धंच कळणार. तेव्हाच मी ठरवलं, दगडावर सायकल आल्याशिवाय या माणसाला सोडायचं नाही.

मार्था आमच्या समोरच्या व्हिलात राहायची. दोहाच्या एका हॉस्पिटलात हेड नर्स. भाऊ इथल्याच मेसईदच्या कारखान्यातून रिटायर होऊन वसईला परतले, मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली, आणि ही बाई मागे राहून नोकरी पुरी करत होती. वयानं माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, पण पहिल्याच आठवड्यात दटावलं, "ताई-बिई नको, बाय. मार्था म्हण." एक दिवस संध्याकाळी दार वाजवून विचारते, "तू शाळेत सायकलनं जायचीस म्हणतेस ना? मला शिकव." सेहेचाळीस वर्षांची होती तेव्हा! का शिकायचंय, तर म्हणे गुडघ्यांना चांगलं असतं. मी तिचं सीट धरून कंपाउंडभर धावले. पहिल्या दिवशी तीनदा पडली, दुसऱ्या दिवशी दोनदा, एकदा सरळ वॉचमनच्या खुर्चीवर. वॉचमन बिचारा "मॅडम, धीरे" म्हणत उठून पळाला. पडल्यावर ती आधी स्वतःचं मनगट, मग घोटा तपासायची, अगदी पेशंटचा तपासावा तसा, आणि "काही नाही, यल्ला" म्हणून पुन्हा चढायची. यल्ला म्हणजे अरबीत चला. आठव्या दिवशी मी सीट सोडून दिलं तरी तिला कळलं नाही. गेली की सरळ मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत!

पुढं आमचा आठ जणींचा कंपू झाला आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्रान्सला सायकली चालवायला गेलो. दोर्दोन्य नावाच्या भागात, सहा दिवस. कतारमध्ये चढ म्हणजे फ्लायओव्हर. बाकी जमीन पोळपाटासारखी सपाट. आमची तालीम सगळी वाऱ्याविरुद्ध झालेली. तिथं मात्र रस्ता सारखा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. अक्रोडाच्या बागा, सूर्यफुलांची शेतं, आणि दर टेकडीवर एक जुनं गाव, पिवळसर दगडांची घरं, मधोमध चर्च. दगडी कमानीखालून सायकल नेताना मार्था दर वेळी मान झुकवायची, कमान तिच्या डोक्याच्या दुप्पट उंच असली तरी. मी हसले की म्हणायची, "सातशे वर्षांची आहे, जरा मान दे."

आमच्या मागून एक व्हॅन यायची. मिशेल नावाचा माणूस ती चालवायचा. दमलेल्याला आणि मागे राहिलेल्याला त्यानं गोळा करायचं. मिशेल म्हणाला, आमच्याकडे हिला झाडूगाडी म्हणतात. पहिल्या तीन दिवसांत मार्था सोडून आम्ही सगळ्या एकदा तरी तिच्यात बसलो. मार्था सगळ्यात हळू, सगळ्यात शेवटी, पण बसली नाही. "मला झाडून नेतो की काय तो? मी काय केर आहे?"

शेवटचा दिवस एकशे अठरा किलोमीटरचा. त्या दिवशी आम्ही दोघींनी जो मूर्खपणा केला तो फक्त कतारहून गेलेल्या बायकाच करू शकतात. दुखानच्या रस्त्यावर निघताना आम्ही चार-चार बाटल्या घेतो. तिथं आजूबाजूला इतकं हिरवंगार, की इतक्या हिरवाईत पाण्याला काय तोटा, असं म्हणून एकेकच घेतली. दुपारी एकच्या सुमाराला दोघींच्या बाटल्या कोरड्या ठणठणीत आणि समोरच्या गावात बेकरी बंद, कॅफे बंद, चिटपाखरू नाही. सोमवार होता, तिकडे दुकानांच्या सुट्टीचा, आणि जेवणाची वेळ. आमच्यातली एकजण मनगटावर पडली म्हणून मिशेल तिला घेऊन डॉक्टरकडे गेला होता. फोनवर म्हणाला, तासाभरात येतो आणि तुम्हा दोघींना उचलतो. मला तर हायसं वाटलं. मी बेकरीच्या पायरीवर बसले. मार्था बसली नाही. चर्चच्या मनोऱ्याकडे बघत म्हणाली, "चल, देवळामागे चल." वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात.

देवळामागे कबरस्तान होतं. आत शिरल्या शिरल्या भिंतीला नळ. मार्थाला ते ठाऊकच होतं. कबरींवरच्या फुलझाडांना पाणी घालायला नळ लागतोच, वसईला आहे तसाच इथं असणार. पण मी फाटकाबाहेर उभी! आमच्याकडे स्मशानातून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत, आणि ही म्हणते तिथलं पाणी पी. "मी नाही पिणार," मी म्हटलं. "येऊ दे मिशेलला." तिनं नळ सोडला, दोन मिनिटं वाहू दिला, पाण्याचा वास घेतला, पिऊ नये अशी पाटी कुठं आहे का ते बघितलं. मग पहिली बाटली भरून शेजारच्या कबरीवरच्या सुकलेल्या कुंडीत ओतली, क्रूस केला, आणि दुसऱ्यांदा भरलेली माझ्यापुढे धरली. "बाय, पाणी नगरपालिकेचं आहे, मढ्याचं नाही. पी मुकाट्यानं." असा आवाज तिनं वॉर्डात किती जणांना लावला असेल... मी प्यायले. आई शप्पथ सांगते, इतकं गार, गोड पाणी मी कुठं प्यायले नाही.

शेवटचे चार किलोमीटर चढ होता. वळणावळणाला ती "नमो मरिये" म्हणत होती. मला ऐकू येत होतं कारण मी तिच्या मागेच होते. मिशेल आला, गाडी शेजारी घेऊन दार उघडून दिलं. मार्थानं हँडलवरचा एक हात सोडला, जो तिनं एरवी कधी सोडला नसता, आणि "यल्ला! यल्ला! पुढे जा!" म्हणून त्याला हाकललं. तो हसत हॉर्न वाजवत पुढे गेला. शेवटचा अर्धा किलोमीटर मी सायकल ढकलत चालत आले, हे मी लपवत नाही. ती नाही उतरली. वर चौकात बसलेल्या म्हाताऱ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मार्था इतकी लाजली, की आधी टॉयलेट कुठं आहे ते विचारलं. पंचावन्न वर्षांची ती, लालबुंद, घामानं निथळलेली... मला तिचा जो अभिमान वाटला तो माझ्या स्वतःच्या पोरांचाही क्वचित वाटलाय.

हे सगळं मी भाऊंना फोनवर सांगितलं, एका दमात. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मार्थानं फक्त सांगितलं होतं, मजा आली, चीज खाल्लं. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी कबरीवर पाणी घातलं तिनं?" मी हो म्हटलं. "घालणारच ती," ते म्हणाले. मग दोघंही रडलो. दगडाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत आणि मलाही पुन्हा विचारवेना.

चार दिवसांनी त्यांचाच फोन. "सुनंदा, शब्द कोणता लिहू? सायकलस्वार की सायकलपटू?" मी म्हटलं, सायकलपटू. "पटू म्हणजे बक्षिसं मिळवणारे ना?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "असू दे, पटूच लिहितो." आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे अकरा वर्षांत मार्थानं कधी सांगितलं नव्हतं. दहावी झाल्यावर तिनं बापाकडे सायकल मागितली होती. सायकल आली ती दोघा भावांना, वाडीतली फुलं स्टेशनवर पोचवायला. तिला आला नर्सिंगचा फॉर्म. "वाईट नाही केलं बापानं," भाऊ म्हणाले. "पण नर्सिंग त्यानं ठरवलं. गल्फ मी ठरवलं. सायकल तेवढी तिची तिनं ठरवली... म्हणून दगडवाल्याला सांगितलंय, तो शब्द पहिला घाल. परिचारिका त्याच्याखाली."

काल दगडाचा फोटो आला. वर मार्थाचं नाव. खाली सायकलपटू, परिचारिका, आई. मी शिकवते त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. उभी राहून मोठ्यानं वाचला. तिथं मराठी कुणालाच कळत नाही. मी दुसऱ्यांदा वाचला.