गुण्यात हाय

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये फरशी बसवायला आलेला तो मिस्त्री पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपला. वीस वर्षं मी दहावीच्या भूमितीचे क्लास घेतोय. त्याच्या तोंडी 'काटकोन' हा शब्दसुद्धा नव्हता; त्याच्या भाषेत तो 'गुण्या'. कोपऱ्यापासून एका भिंतीलगत तीन फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीलगत चार फुटांवर, मग दोन्ही खुणांमध्ये तिरका टेप. बरोबर पाच फूट भरले की म्हणायचा, "गुण्यात हाय," आणि वासराला थोपटावं तसं कोपऱ्याला हलकेच थोपटायचा.

पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास मुलीला मी तीनदा समजावला होता. तिन्ही वेळा ती जांभया देत होती. मिस्त्रीच्या शेजारी मात्र तासन्‌तास उकिडवी बसायची.

चौथ्या दिवशी तिने त्याला विचारलं, "काका, पाच, सहा आणि तिरकं आठ भरलं तर?"

मी मनात वर्ग करायला लागलो. पंचवीस आणि छत्तीस, एकसष्ट...

"पावणेआठच्या जरा वर पायजे," मान वर न करता तो म्हणाला. "आठ लई झालं, ताई. कोपरा फाकला."

आठाचा वर्ग चौसष्ट. फाकलाच होता.

"किती सोपं होतं, बाबा!" मुलगी म्हणाली.

काम संपवून तो गेला. सोमवारी मी क्लासात टेप नेला आणि जमिनीवर तीन, चार, पाचच्या खुणा केल्या. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून पुढे आली.

"सर, हे कुठे शिकलात?" एकीने विचारलं.

"सुचलं," मी म्हणालो, आणि कोपऱ्याला हलकेच थोपटलं.