विभूती लावलेला कॅमेरा

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिला विभूती लागते, मग ती वापरायची. मिक्सरला लागली, स्कूटीला लागली, माझ्या मोबाइललासुद्धा लागली. त्यामुळं लग्नांच्या ऑर्डरींचे फोटो काढायला मी ऑनलाइन कॅमेरा मागवला, तेव्हा माझे वडील, अप्पा, आंघोळ आणि लिंगपूजा उरकून तयारच बसले होते. ओल्या तीन बोटांनी त्यांनी कॅमेऱ्यावर पट्टे ओढले आणि म्हणाले, "आता काढ बघू माझा फोटो."

काढला, तर अर्धा चेहरा काळा. दुसरा काढला, तोही तसाच. माझं टाळकंच सरकलं. निर्णा गावातल्या एका लग्नाची ऑर्डर तोंडावर आलेली आणि कोऱ्या करकरीत कॅमेऱ्याची ही तऱ्हा.

कंपनीनं कॅमेऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो मागवले. मी विभूती पुसली, पण बटणांच्या फटीत बसलेली काही निघेना. वैतागून तसेच फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, म्हणून स्पीकर लावला. अप्पा शेजारीच जेवत होते.

बिघाड मुळातलाच दिसतोय, बदलून देऊ, असं ती हिंदीत म्हणाली. मग विचारलं, "मॅडम, ही पांढरी पावडर कसली? तुम्ही काही लावलंय का? तसं असेल तर पाठवायचा खर्च तुमच्याकडं."

विभूती आहे, एवढंच सांगायचं होतं. एरवी मी भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत कुणाशीही भांडते. पण त्या पोरीचं गुळगुळीत हिंदी ऐकून आमचं घर मला एकदम गावंढळ वाटलं. फोन ठेवून ती शेजारी बसलेल्या मुलीला सांगेल आणि दोघी हसतील, असंच डोळ्यांपुढं आलं. खर्चाचं तर नंतर सुचलं.

"नहीं नहीं, धूल है," मी म्हणाले. "इधर बहुत धूल है."

अप्पांचा हात ताटात थांबला. मग उरलेली भाकरी खाऊन ते पाणी प्यायले. "कामून असं बोललीस?" एवढं जरी विचारलं असतं तरी मी भांडून मोकळी झाले असते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढं करून खर्च माझ्याच गळ्यात पडला. कंपनीला धूळही चालत नव्हती.

कुरियरचं ऑफिस आमच्या नौबादपासून लांब. मी स्कूटी चालवत होते, अप्पा मागं खोकं मांडीवर धरून बसले होते. तिथल्या माणसानं वजनावर नाही, खोक्याच्या मापावर पैसे लावले, म्हणून मी त्याच्याशी हुज्जत घातली. त्यानं शांतपणे खोकं उघडून कॅमेरा पाहिला. त्याच्याही कपाळावर विभूती होती. कन्नडमध्ये, अगदी घरातल्यासारखं, त्यानं विचारलं, "पूजा केली वाटतं?"

या वेळी हो म्हणायला मी तोंड उघडलं.

"न्हाई ओ," माझ्याआधी अप्पाच कन्नडमध्ये बोलले. "धूळ हाय ती. आमच्याकडं लई धूळ."

लेकीचा शब्द खोटा पडू नये म्हणून बोलले. आणि धोतराच्या सोग्याला पीळ देऊन बटणांची ती फट कोरून कोरून पुसायला लागले.