आर्मान थेरिओचं स्वतःचं मत

आमच्या पाइक्स मिल गावात आर्मान थेरिओ आमदार झाला तो भट्ट्यांच्या जोरावर. न्यू हॅम्पशायरच्या जानेवारीत तळघरातली भट्टी बंद पडली की घराचं शीतगृह व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी नाताळ असो की हिमवादळ, आर्मान हत्यारांची पेटी घेऊन हजर. भट्टीपाशी गुडघ्यावर बसून तिच्याशी फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटायचा, आणि थोड्या वेळाने घरात ऊब यायची. अशा माणसाला मत द्यायचं नाही तर कुणाला? आमच्या एवढ्याशा राज्याला आमदार चारशे आणि मानधन वर्षाला शंभर डॉलर. त्यामुळे उभा राहतो तो निवृत्त माणूस, नाहीतर घरी ज्याचं कुणी ऐकत नाही तो. आर्मान दोन्हीत बसत होता.

माणूस मोठा समाधानी. पाच मुलं मार्गी लागलेली, मार्चमध्ये मेपलचा रस आटवायचा, उन्हाळ्यात मासे धरायचे, रविवारी बायकोबरोबर चर्च. कुणाशी वैर नाही. माझं तर पुष्कळांशी आहे, म्हणून हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

हे निर्वैर राहणं त्याला धंद्याने शिकवलं होतं. घराघरात ऊब किती ठेवायची यावरून नवराबायकोत भांडण असतंच. त्याला घाम फुटतो, तिला हुडहुडी भरते. आर्मान तळघरातून वर आला की नवऱ्याच्या कानात सांगायचा, "कमी केलीय बरं का." मग स्वयंपाकघरात कॉफी घेताना बायकोला सांगायचा, "वाढवलीय हो." प्रत्यक्षात त्याने कशालाच हात लावलेला नसायचा. दोघंही खूश, वर पैसे आणि केकचा तुकडा.

राजकारणातही त्याने तेच केलं. गर्भपाताचा विषय निघाला की इतर पुढाऱ्यांना घाम फुटायचा, पण आर्मानचं उत्तर तयार असायचं. "वॉशिंग्टनवाल्यांना आपल्यातलं काय कळतंय? राज्याचं राज्याला ठरवू द्या." कट्टर बाजूचे लोक माना डोलवायचे आणि दुसऱ्या बाजूचेही डोलवायचे, कारण गर्भपाताचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेच देशभर दिलेला होता, राज्याकडे तेव्हा काही ठरवायला नव्हतंच. वीस वर्षं त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

मग सर्वोच्च न्यायालयाने आपलाच तो निकाल फिरवला आणि प्रश्न खरोखरच राज्यांकडे आला. दुसऱ्या शनिवारी आर्मान कचरा डेपोवर आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लग्नात नुसतं मिरवायला आलेल्या माणसाच्या गळ्यात कुणी माळ घालावी, तसं.

डेपो माझ्या ताब्यात आहे. आमच्याकडे घरोघरी कचऱ्याची गाडी फिरत नाही. ज्याचा त्याने शनिवारी सकाळी आणून टाकायचा, काच काचेत, पुठ्ठा पुठ्ठ्यात, लोखंड लोखंडात. चुकीच्या ठिकाणी टाकलंत तर मी ओरडतो, मग तुम्ही कुणीही असा. टोकाला एक शेड आहे. चांगल्या पण नकोशा वस्तू तिथे ठेवायच्या, ज्याला हव्या त्याने फुकट न्यायच्या. आम्ही तिला मॉल म्हणतो. चर्च तीन आहेत, दारूचे अड्डे दोन, पण सगळं गाव एकत्र येतं ते फक्त इथे. म्हणून आमदारही शनिवारी इथेच उभा राहतो, डोनटचा खोका घेऊन.

ओडील, त्याची बायको, दर शनिवारी बरोबर यायची. ठेंगणी, ताठ पाठीची, शाळेच्या ग्रंथालयात जन्म गेलेला. ती थेट मॉलमध्ये शिरायची आणि जुन्या बशा उजेडात धरून तडा बघत बसायची.

पुढे एका हिवाळ्यात काँकॉर्डला, म्हणजे आमच्या राजधानीत, नव्या कायद्याचं बिल आलं. गर्भ सहा आठवड्यांचा झाला की गर्भपाताला बंदी. दोन्ही बाजू इतक्या तुल्यबळ होत्या की एकेका आमदाराची मोजदाद चाललेली. आर्मानने आधी म्हणून पाहिलं, "एवढा गंभीर विषय, देशभर एकच नियम हवा, वॉशिंग्टनने ठरवावं." यावर लोक इतके हसले की पुढच्या आठवड्यात तो परत राज्याकडे आला. त्यानंतरच्या आठवड्यात, "राज्यसुद्धा तसं लांबच आहे, नाही का?" त्याचं तळ्यात मळ्यात बघायला लोक कचरा नसतानाही डेपोवर येऊ लागले.

आणि मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, ज्याने आयुष्य तळघरांत काढलं त्याच्याच हातून होईल अशी चूक आर्मानकडून झाली. घरातल्या नवराबायकोला वेगवेगळं सांगून निघून जाता येतं. डेपोवर सगळं गाव एकाच फाटकातून बाहेर पडतं.

काचेच्या डब्यापाशी त्याला जेराल्ड पिंकहॅम भेटला. सरपणाचा धंदा, बाप्टिस्ट चर्चचा आधारस्तंभ, आवाज असा की बाटल्या आपोआप फुटाव्यात. आर्मानने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, "जेराल्ड, तू काळजी करू नकोस. बिलाच्या बाजूने आहे मी."

पुठ्ठ्यापाशी बेका स्टोवेल होती. शाळेची बस चालवते, दोन पोरं. आदल्या वर्षी तिसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात काहीतरी भयंकर बिघडलं होतं. डॉक्टरांनी कुणाला विचारत न बसता गर्भपात केला म्हणून ती वाचली. तिला आर्मान म्हणाला, "बेका, पोरी, तुझ्यासारखीला त्रास होईल असं मी काही करेन का?"

मी लोखंडाच्या ढिगावर होतो. मला तो म्हणाला, "खरं सांगू? हे वॉशिंग्टननेच निस्तरायला हवं."

पंधरा-वीस मिनिटांत आम्ही तिघंही मॉलमध्ये. मी तिथे एक फाटका बिछाना ठेवणाऱ्याला झापायला गेलो होतो.

"ओडील," जेराल्ड गरजला, "नवऱ्याला माझे आभार सांगा. बिलाला मत देतोय. मर्द आहे!"

बेकाने हातातली पोरांची बर्फावरची घसरगाडी खाली ठेवली. "कोण? आर्मान? आत्ता तर मला म्हणाले, विरोधात आहे."

दोघं एकमेकांकडे बघू लागले. मला काही राहवलं नाही. "मला तर वॉशिंग्टन म्हणाला," मी म्हटलं.

शेडमधले सगळे खो खो हसले. ओडील हसली नाही. तेवढ्यात आर्मान डोनटचा खोका घेऊन दारात आला, आमची तोंडं बघितली आणि तिथेच थबकला.

"आर्मान," ती शांतपणे म्हणाली, "तुझं मत काय आहे?"

"अगं, खरा प्रश्न असा आहे की हे ठरवायचं कुणी..."

"ते नाही विचारलं मी. पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. पाच लेकरं वाढवली तुझ्याबरोबर. आणि तुझ्या मनात काय आहे ते मला जेराल्ड पिंकहॅमकडून कळायचं?"

"ओडील, लोक बघतायत."

"बघू देत. मला एवढंच सांग, मी कुणाशी लग्न केलंय? काचेपाशी उभा असतो त्याच्याशी, की पुठ्ठ्यापाशी असतो त्याच्याशी?"

मग ती बेकाच्या गाडीत बसून घरी गेली, आणि त्यानंतर आर्मान डेपोवर एकटा येऊ लागला.

"घरी अबोला आहे का रे?" मी एकदा विचारलं.

"अबोला असता तर बरं झालं असतं. बोलते की. रस्ता निसरडा आहे म्हणते, सूप गरम आहे म्हणते, कॉफी घेणार का विचारते." त्याने रिकामी पिशवी झटकली. "भट्टी दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी बोलतात ना, तसं बोलते माझ्याशी. मी ओळखतो ना तो आवाज. जन्मभर ऐकलाय."

मला त्याची दया आली, आणि ही गोष्ट माझ्या बाबतीत क्वचितच घडते. आमदारकी राहते की जाते याची फिकीर त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसत नव्हती. बायको गमावून बसलेला माणूस दिसत होता, तोही तिच्याच टेबलावर रोज जेवणारा.

इकडे बेकाने ग्रामसभेपुढे एक ठराव टाकला. मार्चमध्ये आमची ग्रामसभा भरते. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्यांवर सगळं गाव बसतं आणि रंगीत कार्डं वर करून वर्षभराचं सगळं ठरवतं. ठराव साधा होता. काँकॉर्डच्या मतदानाआधी आमदाराने गावापुढे उभं राहून आपण काय करणार ते एकदाच आणि एकच सांगावं. बेकानंतर पहिली सही जेराल्डने केली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सभेच्या दिवशी सकाळ सगळी बर्फ काढायच्या ट्रकवर गेली. ट्रक घ्यायचा की जुनाच ठोकून वापरायचा यावर माणसं अशी भांडली की जणू देशच वाचवायचाय. शेवटी बेकाचा ठराव आला. कार्डं भराभर वर झाली. सभापती प्रिसिला हॅचने चष्म्यावरून बघितलं.

"आमदारसाहेब, उठा आता."

आर्मान उठला. टोपी हातात. "मंडळी, मी नेहमी म्हणत आलोय की ठरवायचं कुणी हा..."

"आलं रे आलं!" मागून कुणीतरी ओरडलं. "आज कुठे? राज्य की वॉशिंग्टन?"

हशा पिकला. प्रिसिलाने हातोडी आपटली. व्यायामशाळेला लागून स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिथे बायका दुपारच्या जेवणाची मांडामांड करत होत्या. ओडील बीन्सच्या मोठ्या पातेल्यामागे उभी होती. तिने पळी खाली ठेवली आणि ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल काढून हातात धरला. आर्मानने तिच्याकडे बघितलं. मग टोपी खुर्चीवर ठेवली.

"कुठे ठरवायचं यावर मी वीस वर्षं बोललो," तो म्हणाला. "इतकं बोललो की काय ठरवायचं ते मला कुणी विचारलंच नाही. मला तेच हवं होतं. राज्याचा हक्क वगैरे... मी त्याच्या मागे लपलो होतो."

आता कुणी हसत नव्हतं.

"तर सांगतो. मी बिलाच्या विरोधात मत देणार. मी कॅथलिक माणूस आहे. माझ्या घरात असा प्रसंग आला तर मी हात जोडेन, पाया पडेन, मूल ठेव म्हणेन. पण हातच जोडेन. पोलीस नाही बोलावणार. डॉक्टरलाही दारात अडवणार नाही. काँकॉर्डने बिल आणलं तरी हेच आणि उद्या वॉशिंग्टनने आणलं तरी हेच. संपलं."

तो खाली बसला. बेका डोळे पुसत होती. जेराल्ड उठून उभा राहिला, तोंड लालबुंद.

"आर्मान, तू मला माझ्या तोंडावर खोटं बोललास. यापुढे माझं मत तुला नाही. माझ्या घरातलं एकही नाही."

"बरोबर आहे तुझं," आर्मान म्हणाला. "खोटंच बोललो. माफ कर."

तो पडणार हे तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत तो पडलाच. बेकाकडच्यांनी मतं दिली, पण जेराल्डकडचे जास्त निघाले. माणसाने एकदाचं खरं बोलावं आणि त्याचीच शिक्षा व्हावी, याचा मला आजही राग येतो. आर्मानला येत नाही.

त्याचं कारण ग्रामसभेच्याच दुपारी जेवणाच्या रांगेत घडलं. मी त्याच्या मागेच उभा होतो. पुढे सरकत सरकत आम्ही बीन्सच्या पातेल्यापाशी आलो. आर्मानने शाळकरी पोरासारखी ताटली पुढे केली. ओडीलने पळी भरली आणि तशीच हवेत धरली.

"तुझं चुकलं," ती म्हणाली.

"काय?"

"मत. साफ चुकलं. मी बिलाच्या बाजूची आहे."

आर्मानचा आ वासलेला. "तू? बाजूची? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अगं मग कधी बोलली कशी नाहीस?"

"बोलू कुणाशी?" ओडील म्हणाली. "समोर कुणी होतं का?"

मागची रांग खोळंबली. कुणीतरी कुरकुरलं. तिने सगळ्या पळ्या-झारे शेजारणीच्या हातात दिले, स्वतःची ताटली भरून घेतली, वर डुकराचा खिमा भरलेल्या मीट-पायचे दोन मोठे तुकडे टाकले आणि खिडकीमागून बाहेर आली.

"चल त्या कोपऱ्यात," ती आर्मानला म्हणाली. "पोलीस नाही बोलावणार म्हणे! ये, बस इथे. मला भांडायचंय तुझ्याशी."