चाळीस अर्जांवरची सही

खाकी उतरवली तरी एक प्रकरण मला अजून सोडत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली, तीही आतल्या पानावर. तरीही नोकरीतला कोणता तपास सर्वांत जास्त टोचतो असे कुणी विचारले, तर मी हाच सांगतो.

ते दोन निवडणुकांचे वर्ष होते. उन्हाळ्यात लोकसभा झाली होती आणि दिवाळीनंतर विधानसभा होणार होती. नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. अशा वर्षात ठाण्याला उसंत नसते. परवान्याची शस्त्रे जमा करून घ्यायची, सराईतांवर प्रतिबंधक कारवाई करायची, मतदान केंद्रे पाहून यायची, नाकाबंदी लावायची आणि या सगळ्याचा रोज वर अहवाल द्यायचा. चोऱ्यामाऱ्या काही निवडणुकीसाठी थांबत नाहीत, त्या वेगळ्याच.

एके दिवशी सकाळी हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. एक वयस्कर बाई आत आल्या. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी. सोबत त्यांच्या वस्तीतली अंगणवाडी सेविका होती. मतदार यादी घरोघर तपासण्याचे काम तिच्याकडे होते.

"जयभीम साहेब," बाई म्हणाल्या. "मी मेले असा अर्ज आलाय. मेलेल्या बाईची तक्रार घेता का?"

मी त्यांना बसायला सांगितले. त्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. सेविकेने कागद पुढे केले. वस्तीतली चाळीस नावे यादीतून वगळावीत असे चाळीस अर्ज नोंदणी कार्यालयात आले होते. कुणी मयत, कुणी कायमचे स्थलांतरित.

"यातली बरीच घरं आत्ता कुलूपबंद आहेत," सेविका म्हणाली. "माणसं दिंडोरीकडं द्राक्षाच्या छाटणीला गेलीत. दिवाळीला येतील. पण मी गेले आणि कुलूप दिसलं, तर मी काय लिहायचं?"

हे काम वस्तीची गल्लीन् गल्ली ठाऊक असणाऱ्याचे आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले. नाव वगळण्याच्या अर्जावर अर्जदाराचे नाव आणि सही लागते. चाळीसही अर्जांवर एकच नाव होते.

तो माणूस वस्तीतच राहणारा, सातपूरच्या एका वर्कशॉपमधला कामगार. त्याला आपण 'ऑपरेटर' म्हणू. मी त्याची माहिती काढायला सांगायच्या आतच वस्तीतला एक कार्यकर्ता चार-पाच जणांना घेऊन ठाण्यात आला. सगळे त्याला भाऊ म्हणत. रेशनकार्ड असो, गॅस असो, घरकुल असो, लोकांचे फॉर्म तोच भरून देई.

"साहेब, त्याला आधी उचला," भाऊ मोठ्या आवाजात म्हणाला. "बाहेरगावचा माणूस हाय. कुणात मिसळत नाय, बोलत नाय. आमच्या बाईंना मारायला निघाला! वस्ती लय तापलीय, मी किती वेळ धरून ठेवू?"

मला तेव्हा तो जबाबदार माणूस वाटला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला नोटीस देऊन बोलावले. सकाळी दहाला तो आला. मी त्याला मुद्दाम दर्शनी बाकावर बसवून ठेवले. ही आमची जुनी रीत. येणारे-जाणारे बघतात, माणूस आतून खचतो आणि मग बोलतो. दुपारी दोनला मी त्याला आत घेतले. चाळिशीचा, सडपातळ. उजवा हात पँटच्या खिशात घालूनच तो समोर बसला. चहा दिला तो डाव्या हाताने घेतला. मला तो उद्धट वाटला.

"हे अर्ज कुणी दिले?"

"मला माहीत नाय साहेब."

"नाव तुझं, पत्ता तुझा, आधारची प्रत तुझी. आणि तुला माहीत नाही?"

"आई शपथ नाय साहेब. ती बाई माझ्या पोरीचा अभ्यास घेती. तिला मी मेलेली कशाला लिहीन?"

तीन तास मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. आवाज चढवला. कुणाच्या सांगण्यावरून केलेस, कोणत्या पक्षाचा आहेस, सगळे विचारले. त्याचे उत्तर बदलले नाही. शेवटी जबाब टाइप झाला. हवालदाराने कागद त्याच्यापुढे सरकवून पेन दिले.

"अंगठा लावू का साहेब?" त्याने विचारले.

"दहावी शिकलेला ना तू? सही कर."

त्याने हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. उजव्या हाताची चारही बोटे मुळापासून गेलेली होती. अंगठा तेवढा शिल्लक.

"प्रेस मशीनमध्ये गेली. गेल्या साली, पोळ्याच्या आधी. डाव्या हातानं सही जमत नाय अजून. बँकेत पण अंगठाच लावतो."

हवालदार माझ्याकडे बघू लागला. अर्ज चालू महिन्यातले होते. आणि चाळीसही अर्जांवर झोकदार, एका ओढीतली सही होती.

"ही सही ओळखतोस?" मी विचारले.

त्याने कागद जवळ घेतला. "माझीच हाय साहेब. जुनी. बोटं होती तेव्हाची."

म्हणजे कुणीतरी ती गिरवली होती. त्याची जुनी सही कुणाकडे असणार? मी नोंदणी कार्यालयातून मूळ अर्ज मागवले. सोबत जोडलेल्या आधारच्या प्रतीवर तीच सही होती आणि तिच्याखाली पांढऱ्या शाईचा एक पट्टा. प्रत खिडकीशी धरली तेव्हा पट्ट्याखालची अक्षरे दिसली : 'फक्त घरकुल अर्जासाठी'.

ऑपरेटरला विचारले. तो म्हणाला, "घरकुलाचा फॉर्म भाऊंनी भरला होता. तीन वर्षं झाली."

आता संशयाची दिशा बदलली होती. पण भाऊ गाफील राहायला हवा होता. घराची झडती घ्यायची तर तयारी लागते, आणि निवडणुकीच्या तोंडावर एका कार्यकर्त्याला हात लावायचा तर पुरावा पक्का लागतो. चाळीस अर्ज आणि भाऊने पूर्वी भरून दिलेले काही फॉर्म मी अक्षरतज्ज्ञाकडे पाठवले. ऑपरेटर निर्दोष दिसतो अशी नोंद मी केस डायरीत केली. त्याला घरी पाठवताना बजावले, "तपास चालू आहे. बाहेर एक शब्द बोलायचा नाही."

त्याने मान हलवली. दिलेला शब्द त्याने पाळला. मला वाटले, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे.

सहाव्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने थांबवले तरी ती थेट माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, तुम्हाला ठाऊक हाय ना, यांनी काय केलं नाय ते?"

मी तिला खुर्ची दाखवली.

"नळावर मला पाणी भरू देत नाय. दारावर डांबर फासलं. पोरगी शाळेत जात नाय, तिला मुडदेवाल्याची पोरगी म्हणत्यात. हे घरात भिंतीकडं तोंड करून बसत्यात. साहेब, तुम्ही एकदा वस्तीत येऊन सांगा ना. एवढंच सांगा."

"ताई, अजून चार दिवस थांबा," मी म्हणालो.

ती पदराने डोळे पुसून निघून गेली. मी एक महिला शिपाई वस्तीत नेमली, नळावर भांडण होऊ नये म्हणून. जे सांगायला हवे होते ते मात्र सांगितले नाही. दोन दिवसांनी कळले, ते कुटुंब घराला कुलूप लावून ओझरला त्याच्या मेहुण्याकडे गेले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अक्षरतज्ज्ञाचा अभिप्राय आला : अर्जांवरचे अक्षर भाऊचेच. पंच घेऊन आम्ही भाऊच्या घरी गेलो. एका कपाटात लोकांच्या कागदपत्रांच्या प्रतींचे गठ्ठे होते. त्यांत लोकसभेची केंद्रनिहाय मते लिहिलेला एक कागद सापडला. वस्तीच्या केंद्राभोवती लाल गोल केलेला होता.

चौकशीत तो फार वेळ टिकला नाही. मी आवाजसुद्धा चढवला नाही. पांढऱ्या पट्ट्याची प्रत समोर ठेवली आणि थांबलो.

"पुढं महापालिकेचं तिकीट देतो म्हणाले," तो खाली बघत म्हणाला. "फक्त तुझ्या केंद्रावरची मतं कमी कर म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"ते नाय सांगता येणार, साहेब."

"आणि त्याचंच नाव का घातलंस?"

"त्याच्यासाठी कोण भांडायला येणार होतं?" मग जरा सावरून म्हणाला, "साहेब, यात कुणाचा जीव गेला का? लोकं घरी आल्यावर नावं परत घातली असती."

त्याच्यामागे कोण होते हे आम्हाला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही. फोनचे तपशील एका जागेपर्यंत येऊन थांबले. दोषारोपपत्रात एकच आरोपी आहे आणि खटला अजून चालू आहे. चाळीस नावे मात्र यादीत राहिली.

अटकेच्या संध्याकाळी मी वस्तीत गेलो. तिथल्या बुद्धविहारासमोर लोक जमले. ऑपरेटरचा यात काही संबंध नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी कळले होते, असे मी सगळ्यांसमोर सांगितले. मग त्या शिक्षिका बाई पुढे आल्या.

"पहिल्या दिवशी कळलं होतं?"

"हो बाई."

"मग आज का आलात?"

माझ्याकडे उत्तर होते. पुरावा, गोपनीयता, तपासाची गरज. पण त्यांच्यासमोर ते माझ्याच्याने उच्चारवले नाही. दुसऱ्या दिवशी बाई आणि वस्तीतल्या दोन बायका बसने ओझरला गेल्या. त्यांनी माफी मागितली. त्याने चहा पाजला, पण परत येतो असे म्हणाला नाही.

मतदानाच्या दिवशी मी त्या केंद्रावर बंदोबस्तात होतो. दिवाळीनंतर पुन्हा द्राक्षाच्या बागांत गेलेली माणसे आदल्या दिवशीच परतली होती. दहाच्या सुमारास ऑपरेटर बायकोसह बसमधून उतरला. रांगेतल्या लोकांनी वळून पाहिले. बाईंना वयामुळे थेट आत जाता आले असते. त्या गेल्या नाहीत. रांगेत त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करू लागल्या.

मत देऊन तो बाहेर आला. मी पुढे होऊन म्हणालो, "माझं चुकलं. त्याच दिवशी वस्तीत यायला हवं होतं."

त्याने डाव्या हाताच्या बोटावरच्या शाईवर फुंकर घातली.

"घर अजून तुमचंच आहे. लोक बोलवतायत," मी म्हणालो.

"मत इथं होतं म्हणून आलो साहेब," तो म्हणाला. "राहायला नाय येणार."

दोघे रस्ता ओलांडून ओझरच्या बससाठी थांबले. पुढच्या जानेवारीत त्याने वस्तीतले घर सोडले.

नियमाच्या दृष्टीने माझा तपास निर्दोष होता. वरिष्ठांनी शेराही चांगला दिला. पण मी त्या माणसावर संशय घेतला तो चारचौघांत, दर्शनी बाकावर बसवून. आणि त्याला निर्दोष ठरवले ते बंद डायरीत. गुन्हेगार हातचा जाईल या भीतीने मी अकरा दिवस गप्प बसलो. एका घराला वस्तीतून उठवायला तेवढे दिवस पुरतात. आता नवे अधिकारी कधी भेटायला येतात, तपासातले बारकावे विचारतात. मी त्यांना एवढेच सांगतो : ज्या बाकावर माणसाला बसवले, त्याच बाकाशी उभे राहून, त्याच लोकांच्या देखत, त्याला घरी सोडा. आणि ते त्याच दिवशी करा.